गॅझेबो पॉझ केल्यावरही लॅपटॉप का तापतो? जीपीयूवरचा भार कमी कसा करायचा?

प्रश्न थोडक्यात असा: सोलापुरात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्टसाठी उबुंटूवर गॅझेबो हा रोबोटचा सिम्युलेटर वापरतो. सिम्युलेशन पॉझ करून जेवायला गेलो तरी पंखा घोंघावत राहतो, जीपीयूचा म्हणजे ग्राफिक्स चिपचा वापर उतरत नाही. काहीच हलत नसताना हा भार कशाचा?

पॉझ दाबलं की थांबतं ते फिजिक्स. चित्र काढणं चालूच राहतं.

गॅझेबोत दोन कामं शेजारी शेजारी चालतात. रोबोटचे सांधे, टकरा, गुरुत्वाकर्षण यांचं गणित सीपीयू करतो. नेहमीच्या सेटिंगला सेकंदाला हजार पावलं. त्या जगाचं चित्र पडद्यावर काढण्याचं काम जीपीयूचं. पडदा ६० हर्ट्झचा असेल आणि गती त्याला बांधलेली असेल तर दर १६.७ मिलिसेकंदांनी सगळा देखावा सावल्यांसकट नव्याने रंगवला जातो, मागच्या फ्रेमपेक्षा एका ठिपक्याचाही फरक नसला तरी. म्हणून पॉझ केल्यावर सीपीयू शांत होतो आणि जीपीयू तसाच राबतो. आपल्याकडच्या यंत्रमागावर आडवा धागा तुटला की माग आपोआप थांबतो, रिकामा ठोकत बसत नाही. बऱ्याच सिम्युलेटरांत अशी सोय नसते, ती आपल्याला करून घ्यावी लागते.

मी इथल्याच एका कॉलेजची रोबोटिक्स लॅब सांभाळतो. पोरांना पहिलं सांगतो, की कूलिंग पॅडला पैसे घालण्याआधी भार नेमका कुठला ते बघा. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर टर्मिनलमध्ये एनव्हिडिया-एसएमआय ही कमांड चालवा, कुठली प्रोसेस कार्ड वापरतेय ते खाली दिसतं. मग गॅझेबोची फक्त खिडकी बंद करून परत बघा.

खिडकी बंद केली तर सिम्युलेशन जाईल ही भीती असते, पण जुन्या गॅझेबो क्लासिकमध्ये जीझेडसर्व्हर (सिम्युलेशन चालवणारा) आणि जीझेडक्लायंट (खिडकी दाखवणारा) हे वेगळे प्रोग्रॅम आहेत. सगळं सुरू करणाऱ्या लाँच फाइलमध्ये जीयूआय हा आर्ग्युमेंट फॉल्स करा, म्हणजे नुसता सर्व्हर चालू होतो. बघावंसं वाटलं की दुसऱ्या टर्मिनलमधून जीझेडक्लायंट सुरू करा, तो चालू सर्व्हरला जाऊन जोडला जातो. काम झालं की फक्त तेवढाच बंद करा. नव्या गॅझेबोत जीझेड सिम या कमांडला एस हा पर्याय दिला की फक्त सर्व्हर चालतो आणि जी दिला की फक्त खिडकी. माझ्या मते सगळ्यात जास्त फरक याच एका सवयीने पडतो, बाकीचे उपाय दुय्यम.

खिडकी बंद करूनही सिम्युलेशन चालू असताना आकडा उतरला नाही, तर संशय कॅमेऱ्यावर घ्या. रोबोटवरचा कॅमेरा किंवा डेप्थ कॅमेरा (अंतर मोजणारा) जे बघतो तेही रेंडरच होतं, आणि ते सर्व्हरच्या बाजूला होतं. मॉडेल फाइलमध्ये सेन्सरचा अपडेट रेट शून्य राहिला असेल तर तो जमेल तितक्या वेगाने फ्रेम काढतो. रेषा ओळखत जाणाऱ्या रोबोटला सेकंदाला १० किंवा १५ फ्रेम पुष्कळ होतात. सीनमधल्या सावल्या बंद केल्या तर अजून थोडं हलकं होतं.

रोबोटचा डेटा चित्ररूपात दाखवणारं आरव्हिझ उघडं असेल तर तेही विसरू नका. त्यात ग्लोबल ऑप्शन्समध्ये फ्रेम रेट मुळात ३० असतो. नुसतं नकाशावर लक्ष ठेवायचं असेल तर ५ करा, काही बिघडत नाही. वेबॉट्स हा दुसरा सिम्युलेटर वापरणाऱ्यांना वर्ल्डइन्फो नोडमध्ये एफपीएस ही नोंद सापडेल, शिवाय रेंडरिंगशिवाय चालवायचा पर्यायही आहे. अनरियल या गेम इंजिनच्या एडिटरच्या प्रेफरन्सेसमध्ये तर एडिटर मागे गेला की कमी ताकद वापरायची खूणच आहे. विंडोजवर एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये मागे पडलेल्या प्रोग्रॅमची फ्रेम मर्यादा वेगळी ठरवता येते. नुसतं मिनिमाइझ करण्यावर मात्र भरवसा ठेवू नका. काही प्रोग्रॅम तेव्हा थांबतात, काही खुशाल रंगवत बसतात.

हे सगळं जानेवारीत नाही केलं तरी चालून जातं. एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशीपार जातो, लॅपटॉपचा पंखा मुळात गरमच हवा आत ओढतो, आणि आरटीएक्स ३०५० सारखं लॅपटॉप कार्ड कंपनीने ठरवल्याप्रमाणे ३५ ते ८० वॉटपर्यंत खातं. तेवढी उष्णता बाहेर टाकता आली नाही की कार्ड स्वतःचा वेग कमी करतं, आणि मग तुम्ही जेवून येऊन प्ले दाबल्यावर सिम्युलेशन अडखळतं.

एक वेगळी शक्यता. एनव्हिडिया-एसएमआयच्या यादीत गॅझेबो दिसतच नाही आणि पॉझ करूनही सीपीयू मात्र भरलेला आहे, असं असेल तर ग्राफिक्स ड्रायव्हर नीट बसलेला नाही आणि चित्र सीपीयूच काढतोय. जीएलएक्स-इन्फो या कमांडच्या उत्तरात रेंडरर म्हणून एलएलव्हीएमपाइप (सीपीयूवर चित्र काढणारं सॉफ्टवेअर) हे नाव आलं की खात्री झाली. अशा वेळी वरच्या सेटिंग्जशी खेळण्याआधी ड्रायव्हर बसवा.