ट्रेकच्या साइटला चौदा पानी अटी कशाला?

तुमच्या साइटवर किल्ल्यांवरच्या भटकंतीचे लेख आणि फोटो आहेत, विक्री काहीच नाही, आणि मित्राने कुठूनसा आणून दिलेला 'वापराच्या अटीं'चा चौदा पानी मसुदा तिथे चिकटवावा का, असं तुम्ही विचारलंय. मी पुण्यात वकिली करतो, असे मसुदे करून द्यायचे पैसेही घेतो. तरी सांगतो, चिकटवू नका.

तुम्ही प्रश्नात दिलेलं पहिलंच कलम बघा: 'सदर संकेतस्थळ उघडताक्षणी वापरकर्त्याने सर्व अटी वाचून मान्य केल्या असे समजण्यात येईल.' अहो, अटी वाचायच्या तर आधी साइट उघडायला हवी, आणि उघडली की मान्य झाल्याच! १८७२ च्या करार कायद्याला दोन्हीकडची संमती लागते. पानाच्या तळाशी बारीक अक्षरातल्या लिंकमागे ती सिद्ध करणं कठीण. 'गेटसमोर गाडी लावल्यास हवा सोडण्यात येईल' ही पाटी चालते, कारण ती गेटवर असते. तीच घरात माळ्यावर टांगली तर गाडीवाला कशाला जुमानेल?

बरं, ज्यासाठी हा खटाटोप, ते कॉपीराइटचं संरक्षण तुम्हाला आधीच आहे. १९५७ च्या कायद्यानुसार लेख लिहिला, फोटो काढला की हक्क तुमचा. नोंदणी सक्तीची नाही. तो तुमच्या हयातीत आणि पुढे ६० वर्षं टिकतो. उलट 'या साइटवरील कोणतीही माहिती अन्यत्र वापरू नये' या वाक्याला फारसा अर्थ नाही. राजगडाला गुंजवण्यातून चोर दरवाज्याने चढता येतं, ही माहिती कुणाच्याच मालकीची नाही. तुम्ही ती ज्या शब्दांत लिहिलीत ते शब्द तुमचे. परीक्षणापुरता उतारा घ्यायला तर कायद्याचं कलम ५२ च मुभा देतं. मसुद्यातली, साइटची लिंक देण्यावरची बंदी मला निव्वळ गंमत वाटली. लोकांनी यावं म्हणूनच साइट काढलीत ना?

खरा धोका नवव्या पानावर आहे: 'सर्व वाद कॅलिफोर्नियातील न्यायालयातच चालतील.' कॉपीराइट कायद्याचं कलम ६२ म्हणतं की हक्कभंगाचा दावा तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथल्या जिल्हा न्यायालयात लावता येतो. ही सवलत मुद्दाम हक्कदारासाठी ठेवलेली आहे. उद्या पिंपरीतल्या कुणी तुमचा तोरण्याचा फोटो कॅलेंडरवर छापला, तर इथे पुण्यात शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात दावा लावायचा सोडून, तुमच्याच अटीवर बोट ठेवायची संधी समोरच्या वकिलाला का द्यायची? मी त्याच्या बाजूने असतो तर पहिला अर्ज त्यावरच टाकला असता.

त्यापेक्षा फोटोखाली नाव आणि साल टाका. परवानगीसाठी ईमेल द्या. विनामोबदला वापर चालणार असेल तर क्रिएटिव्ह कॉमन्सचा (ठरावीक अटींवर इतरांना फुकट वापर करू देणारे तयार परवाने) योग्य परवाना निवडून तसं लिहा. मूळ फाइली मात्र जपून ठेवा, पुरावा म्हणून त्याच कामाला येतात. दुसऱ्या एखाद्या साइटवर कुणी तुमचा फोटो ढापून चढवला, तर २०१३ च्या कॉपीराइट नियमांतल्या नियम ७५ खाली ती साइट चालवणाऱ्याला लेखी तक्रार करता येते. तक्रार पटली तर त्याने ३६ तासांत तो मजकूर बंद करायचा असतो. पण कोर्टाचा आदेश २१ दिवसांत आणला नाही, तर तो पुन्हा खुला करू शकतो.

जबाबदारी नाकारणारी दीड पानं आहेत, तीही काढा. 'पावसाळ्यात हा कातळटप्पा निसरडा असतो, दोर आणि माहितगार माणूस असल्याशिवाय जाऊ नका' हे त्या वाटेच्या वर्णनातच ठळक लिहा. वाचणारा तिथे वाचतो.

फी घेऊन लोकांना ट्रेकला नेणार असाल तर मात्र हे सगळं बाजूला ठेवा. मग पैसे परत कधी, अपघात झाला तर काय, हे नीट लिहून आणि नोंदणीच्या वेळीच मान्य करून घ्यावं लागेल, आणि तो मसुदा कुणा वकिलाकडूनच करून घ्या.