फिलर बंदच झाला नाही, पाणी शेजाऱ्यांच्या भिंतीत: भरपाई कोणाकडे मागायची?

प्रश्न: आमच्या घराच्या आवारातल्या स्विमिंग पूलला पाणी आपोआप भरणारा फिलर बसवून सव्वा वर्ष झालं. एक वर्षाची वॉरंटी संपली, पण देखभालीचा वार्षिक करार त्याच कंत्राटदाराकडे चालू आहे. आम्ही चार दिवस बाहेरगावी असताना फिलर बंदच झाला नाही. पाणी काठावरून शेजाऱ्यांकडे गेलं, त्यांच्या भिंतीला ओल आली, आणि पाण्याचं बिलही भरमसाट आलं. कंत्राटदार म्हणतो, वॉरंटी संपली, शिवाय फ्लोटचा (पाण्यावर तरंगत वर येऊन व्हॉल्व्ह बंद करणाऱ्या गोळ्याचा) स्क्रू तुम्हीच फिरवलात आणि तुमचा तलावही गळत असणार. स्क्रू मी एकदा फिरवला होता, हे खरं आहे. आता त्याचा माणूस व्हॉल्व्ह बदलायला येतोय. काय करू?

उत्तर: नवा व्हॉल्व्ह खुशाल बसवू द्या, पण जुना त्याच्या हाती जाऊ देऊ नका. तुमचा सगळा दावा त्या मुठीएवढ्या वस्तूत आहे आणि एकदा ती गेली की उरेल फक्त तुमचा शब्द आणि त्याचा शब्द. फिलरकडे येणारं पाणी मात्र मागच्या तोटीवर बंदच ठेवा. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७३ नुसार भरपाई ठरवताना, नुकसान आवरायला तुमच्या हाती काय उपाय होते हेही पाहिलं जातं. पाणी वाहतं ठेवून पुरावा जपता येत नाही.

व्हॉल्व्ह काढण्याआधी त्या माणसासमोरच मोबाइलवर चित्रीकरण करा. तोटी थोडी उघडा आणि फ्लोट हाताने पूर्ण वर उचला. धार थांबली, तर व्हॉल्व्ह धड आहे. दोष फ्लोटच्या उंचीत असेल, किंवा फ्लोटमध्येच पाणी शिरून तो जड झाला असेल. उचलूनही धार चालूच राहिली, तर आतला वॉशर झिजलाय किंवा वाळूचा कण, क्षाराचा थर अडकलाय. ही दुसरी गोष्ट निघाली, तर तुमच्या स्क्रूचा या प्रकरणाशी काही संबंध उरत नाही. दोन मिनिटांचं काम आहे, पण मला या प्रकरणात याहून मोलाचा पुरावा दिसत नाही. चित्रीकरण झालेला मोबाइल विकू नका, बदलू नका. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे त्या चित्रीकरणासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं. काढलेला व्हॉल्व्ह पिशवीत घालून, तारीख आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन ठेवा. गरज पडली तर ग्राहक आयोग तो प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो.

स्क्रूची गोष्ट लपवू नका. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये, वस्तूत फेरफार झाला होता हा विक्रेत्याला बचाव आहे, आणि तो तुमच्याविरुद्ध मांडला जाणारच. पण पातळी लावण्यासाठीच दिलेला स्क्रू फिरवणं म्हणजे फेरफार, असं मला वाटत नाही. माहितीपुस्तिकेत ग्राहकाने त्याला हात लावू नये असं लिहिलंय का, ते बघा. स्क्रू फिरवल्यावर किती दिवस फिलर नीट बंद होत होता, तेही आठवून लिहून ठेवा.

गळतीचा आरोप तर बादलीने तपासता येतो. फिलर बंद ठेवून पायरीवर एक बादली ठेवा, तिच्यात तलावाच्या पातळीइतकं पाणी भरा, दोन्हीकडे खूण करा. चोवीस तासांनी दोन्ही सारखंच उतरलं असेल, तर ते बाष्पीभवन. तलाव जास्त उतरला, तर गळती आहे आणि फिलर ती आजवर झाकत होता. मग बिलातला तेवढा भाग तुम्हाला सोडावा लागेल. त्या दिवशी पाऊस नको, तलावाचा वापरही नको.

वॉरंटी संपली हे उत्तर पुरेसं नाही, कारण तुम्ही सेवेतल्या त्रुटीबद्दल बोलताय. देखभाल करारात फिलरची तपासणी लिहिलेली आहे का? प्रत्येक भेटीच्या सर्व्हिस शीट काढा. ‘फिलर ठीक’ अशी सही असलेला एक कागद सापडला तरी तो त्यालाच अडचणीचा आहे.

आणि एक प्रश्न तुम्ही विचारलाच नाहीत. व्हॉल्व्ह बिघडला तरी जादा पाणी ओव्हरफ्लोच्या पाइपने निघून जायला हवं होतं. ते काठावरून का गेलं? पाइप पाल्याने तुंबला होता, की मुळातच बारीक घातला होता? फोटो काढा. शेजाऱ्यांच्या भिंतीचं नुकसान बहुधा इथेच ठरेल.

बिल मुदतीत भरा, आक्षेप लिहून भरा. पाणी मीटरमधून गेलेलं आहे. कंत्राटदाराचा राहिलेला हप्ता गुपचूप अडवू नका, नाहीतर करार तुम्हीच मोडलात असं तो म्हणेल. त्याला पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्या आणि पोचपावती जपा. उत्तर आलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा. मुदत घटनेपासून दोन वर्षांची आहे, तुम्ही राहता तिथल्या आयोगात दाखल करता येते, आणि दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. घर भाड्याने देऊन तलावावर कमाई करत असाल तर मात्र व्यापारी हेतूचा, म्हणजे तुम्ही कायद्याने ‘ग्राहक’ ठरतच नाही असा मुद्दा निघेल, ते मला आधी कळवा.

शेजाऱ्यांना ‘कंत्राटदाराकडे मागा’ असं कृपया सांगू नका. १८६८ सालच्या रायलँड्स विरुद्ध फ्लेचर या इंग्लंडमधल्या खटल्यात जलाशय बांधताना हलगर्जी कंत्राटदारांची होती, पाणी शेजारच्या खाणीत शिरलं, आणि जबाबदार ठरला तो जलाशयाचा मालक. घरातल्या तलावाला हे तत्त्व जसंच्या तसं लागेल की नाही यावर वाद होईल, पण त्या वादात शेजाऱ्यांना ओढण्यात तुमचं भलं नाही. आजच त्यांच्याकडे जा, दोघांनी मिळून भिंतीचे फोटो काढा, दुरुस्तीचा अंदाज लेखी घ्या. खर्च तुम्ही केलात तर पावती तुमच्या नावाने घ्या. तोच आकडा कंत्राटदाराविरुद्धच्या तक्रारीत घालायचा आहे.