टेरिटोरियल आर्मीत भरती होऊन पुढे पायलट होता येतं का?

नाही. टीएतून (म्हणजे टेरिटोरियल आर्मीतून) पायलट होत नाही. पण एवढ्यावर थांबलो तर तुझे मामा म्हणतील, कुणीतरी घरात बसून पोराला नाउमेद केलं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तू लिहिलंयस की वय 19, गाव विट्याजवळ, बी.एस्सी.चं दुसरं वर्ष चालू, बारावीला फिजिक्स-मॅथ्स दोन्ही होते. एका व्हिडिओत पाहिलंस की रिझर्व्हमध्ये नाव घालून माणसं फायटर पायलट झाली. मामांचं म्हणणं असं की कोल्हापूरला टीएची भरती निघाली की मैदान मार, एकदा आत शिरलास की पुढची वाट आपोआप सापडते. मी एअरफोर्समध्ये एअरमन होतो, इंजिन फिटर. निवृत्तीनंतर कोरेगावकडे घर आणि थोडी शेती बघतो. वयानं तू माझ्या मुलापेक्षा लहान, त्यामुळे अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस.

आधी त्या व्हिडिओचं. त्यात खोटं काही नाही, फक्त ते अमेरिकेतलं आहे. तिथं एअर नॅशनल गार्ड आणि एअरफोर्स रिझर्व्ह यांची स्वतःची विमानं आहेत, स्वतःची स्क्वॉड्रन आहेत. एखादं युनिट आपल्याला हवा तो उमेदवार मुलाखत घेऊन निवडतं आणि पायलट ट्रेनिंगला पाठवतं. ट्रेनिंग संपलं की 10 वर्षांची सेवा बांधलेली. पण तिथंही नुसता भरती झालेला शिपाई कॉकपिटमध्ये बसत नाही. पदवी लागते, ऑफिसर व्हावं लागतं, आणि ऑफिसर व्हायला अमेरिकेचं नागरिकत्व लागतं. ग्रीन कार्डवाला शिपाई म्हणून घेतात, ऑफिसर म्हणून घेत नाहीत. व्हिडिओवाले हा भाग पटकन उरकतात.

आपल्याकडची टीए हा सगळा वेगळाच मामला. 1948 चा कायदा आणि 1949 पासून प्रत्यक्ष फौज. कल्पना अशी की माणूस आपली नोकरी-धंदा सांभाळून वर्षातले काही आठवडे वर्दी घालेल, गरज पडली की बोलावणं येईल. तिच्यात इन्फंट्रीच्या बटालियन आहेत, झाडं लावणाऱ्या इकॉलॉजिकल बटालियन आहेत, रेल्वे आणि तेल कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांची युनिटं आहेत. कोल्हापूरला टेंबलाईवर जी आहे ती मराठा लाइट इन्फंट्रीची 109 बटालियन, म्हणजे पायदळ. विमान एकही नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

धोनीला 2011 साली टीएत मानद लेफ्टनंट कर्नल केलं आणि पुढे त्यानं आग्ऱ्याला विमानातून पॅराशूटच्या उड्या मारल्या. 2010 साली सचिनला एअरफोर्सनं मानद ग्रुप कॅप्टन केलं. हे दोन फोटो एकत्र करून आपल्याकडे टीए म्हणजे विमान अशी समजूत कुणी पसरवली कोण जाणे, पण आमच्या भागातल्या पोरांच्या तोंडून मी ती ऐकली आहे. विमानातून उडी मारणं आणि विमान चालवणं यांत फरक आहे, एवढंच सांगतो.

एअरफोर्सचं स्वतःचं रिझर्व्ह? त्यासाठी 1952 चा कायदा आहे. त्या काळी नागरी माणसांना घेऊन ऑक्झिलरी स्क्वॉड्रनही उभी केली होती, ती केव्हाच गुंडाळली. आता एअरफोर्सचं रिझर्व्ह म्हणजे सेवा करून बाहेर पडलेली माणसं, गरजेला परत बोलावण्यासाठी. बाहेरून कोरा मुलगा त्यात शिरून पायलट होतो असा मार्ग नाही.

आता मामांच्या मुख्य मुद्द्यावर येतो. ‘आधी आत शिर.’ आपल्या सातारा-सांगलीकडे हे वाक्य घरोघरी ऐकू येतं आणि त्यात चूक काही नाही. अपशिंग्यासारख्या गावात पिढ्यान् पिढ्या हेच झालं, घरं उभी राहिली, पोरं शिकली. पण फौजेत तू कुठल्या दारानं आत गेलास यावरच पुढचं बरंचसं ठरतं. मी विमानाजवळ आयुष्य काढलं. सकाळी पायलट यायचा, फॉर्म 700 वाचायचा. त्यात त्या विमानाची सगळी जन्मकुंडली असते: काय बिघडलं, कुणी दुरुस्त केलं, कुणी सही केली. माझी सही वर, त्याची सही खाली, मग विमान त्याच्या ताब्यात. तो विमानाभोवती फेरी मारायचा, टायर बघायचा, एअर इनटेकमध्ये डोकावायचा, शिडीनं वर चढायचा. मी मागोमाग चढून त्याचे पट्टे आवळायचो, इजेक्शन सीटच्या सेफ्टी पिना काढून त्याच्या डोळ्यांसमोर धरायचो, तो मोजून मान हलवायचा. मग मी खाली आणि शिडी बाजूला. आमच्या दोघांमध्ये अंतर हातभराचं. ते नोकरीत राहून, नुसत्या मेहनतीनं आणि ज्येष्ठतेनं कापलं जात नाही, कारण पायलट ऑफिसरच असतो आणि ऑफिसरची निवड वेगळी, परीक्षा वेगळी, वयाची अट वेगळी. माझी याबद्दल काही तक्रार नाही. मला इंजिनच आवडायचं.

हाच हिशेब अग्निवीरवायूला (एअरफोर्सच्या चार वर्षांच्या भरतीला) लाव, कारण टीए नाही म्हटल्यावर मामांचं पुढचं वाक्य तेच असेल. आता भरती झालास तर चार वर्षांनी तू 23 चा. चौघांतल्या फार तर एकाला पुढे ठेवतात. फ्लाइंग ब्रँचसाठी, म्हणजे पायलटांच्या शाखेसाठी, वयोमर्यादा कोर्स सुरू होताना 20 ते 24. म्हणजे बाहेर पडशील तेव्हा दार जवळजवळ बंद, आणि पदवी अर्धवट. नोकरी म्हणून अग्निवीर व्हायचं असेल तर जरूर हो. पायलट व्हायचा जवळचा रस्ता म्हणून होऊ नकोस.

जवानाचा ऑफिसर होण्याची वाट मात्र खरी आहे, ती लपवत नाही. आर्मीत दोन वर्षं सेवा झाली की 20 ते 27 वयाच्या बारावी पास जवानाला आर्मी कॅडेट कॉलेजची परीक्षा देता येते, मग एसएसबी (ऑफिसर निवडीच्या चाचण्या आणि मुलाखत), मग डेहराडूनला ट्रेनिंग. ऑफिसर झाल्यावर आर्मी एव्हिएशनसाठी नाव देता येतं, आणि निवड झालीच तर हेलिकॉप्टरचं ट्रेनिंग आपल्याच नाशिकला. पण प्रत्येक टप्प्यावर गाळणी आहे. बारावीला फिजिक्स-मॅथ्स घेऊन पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलानं हा वळसा का घालावा?

तुझ्यासमोर सरळ रस्ता आहे. एनडीएचं, म्हणजे बारावीनंतर थेट ऑफिसर ट्रेनिंगचं, वय गेलं, ते सोड. पदवीनंतर एएफकॅट (एअरफोर्सची स्वतःची ऑफिसर परीक्षा) किंवा सीडीएस (तिन्ही दलांसाठी यूपीएससीची परीक्षा). सीडीएसमधून गेलास तर पर्मनंट कमिशन, म्हणजे निवृत्तीपर्यंतची नोकरी, एएफकॅटमधून फ्लाइंगला 14 वर्षांचं शॉर्ट सर्व्हिस. एएफकॅटसाठी बारावीला फिजिक्स आणि मॅथ्समध्ये प्रत्येकी 50 टक्के आणि पदवीला 60 टक्के. ही 60 ची अट आपल्याकडची मुलं हलक्यात घेतात आणि तिथंच कटतात. शिवाय 25 च्या आत लग्न चालत नाही, हे मामांच्या कानावर आत्ताच घालून ठेव. एनसीसी एअर विंगचं ‘सी’ सर्टिफिकेट असेल तर लेखी परीक्षेशिवाय थेट एसएसबीला बोलावणं येऊ शकतं, पण आर्मी विंगचं तिथं चालत नाही.

लेखी आणि एसएसबीपेक्षा मला जास्त सांगायचंय ते सीपीएसएसबद्दल. ही पायलटची कल चाचणी. कॉम्प्युटरसमोर बसवतात, पायाखाली पेडल, हातात जॉयस्टिक. पडद्यावरचा ठिपका चौकटीत धरून ठेवायचा, आणि तो सारखा निसटत असतो. त्यातच मध्ये दिवा लागतो, तो विझवायचा. कानात आवाज येतो, त्यालाही उत्तर द्यायचं. शिवाय होकायंत्र, उंची, कल दाखवणाऱ्या डायल वाचून विमान कसं आहे ते ओळखायचं. ही चाचणी जन्मात एकदाच देता येते. नापास झालास की एअरफोर्सची फ्लाइंग ब्रँच कायमची बंद, मग एएफकॅट कितीदाही काढ. त्यामुळे ‘एकदा देऊन बघू, पुढच्या वेळी नीट देऊ’ हा आपला भरतीच्या मैदानावरचा शिरस्ता इथं विसरायचा. तापात, जागरणात जाऊन बसू नकोस. डायल वाचण्याचा सराव घरी होतो, तो करूनच जा.

त्याहीआधी शरीर मोजून घे. उंची किमान साधारण 162 सेंटिमीटर. पाय पसरून बसल्यावर पायाची लांबी 99 ते 120, मांडी जास्तीत जास्त 64, बसल्यावर उंची 81.5 ते 96. कॉकपिट ठरलेल्या मापाचं असतं आणि इजेक्ट होताना गुडघा समोरच्या पॅनलला लागला तर पाय जातो, म्हणून ही मापं. उंच मुलांना वाटतं आपण सुटलो, पण मांडीची लांबी त्यांनाच अडवते. डोळ्यांचं मिरजेला जाऊन नीट तपासून घे, रंगांसकट. लांबचं दिसत नाही म्हणून चष्मा असेल तर फ्लाइंगला अडचण येते, आणि ते तीन वर्षं अभ्यास करून कळण्यापेक्षा या महिन्यात कळलेलं बरं.

फौजेत नाही जमलं तर नागरी पायलट. बारावीचे फिजिक्स-मॅथ्स, डीजीसीएचं (नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी खात्याचं) मेडिकल, 200 तासांचं उड्डाण, मग कमर्शियल लायसन्स. कराडची धावपट्टी कोयना धरणाच्या काळातली, तिथंही ट्रेनिंगची विमानं उडतात. एकदा जाऊन कुंपणाबाहेरून का होईना बघून ये. खर्च पन्नास लाखांच्या घरात जातो, कधी वरही. नोकरीची खात्री कुणी देत नाही. जमीन विकून हे करू नये असं माझं मत. आणि गंमत बघ, टीएचा ऑफिसर व्हायला उलट बाहेरची नोकरीच लागते, वय 42 पर्यंत चालतं. म्हणजे उद्या विमान कंपनीत पायलट झालास तर टीएत जाता येईल. तुझ्या प्रश्नातला क्रम तेवढा उलटा आहे.

एएफकॅटची जाहिरात साधारण जून आणि डिसेंबरच्या सुमारास येते, परीक्षा ऑगस्ट आणि फेब्रुवारीत. शेवटच्या वर्षाला असलेल्यांनाही अर्ज करता येतो, म्हणजे तुला पुढच्याच वर्षी. आणि भरतीचं ‘सेटिंग’ करून देतो म्हणणारा कुणी मामांना भेटला, टीएचा असो की एअरफोर्सचा, तर त्याला चहासुद्धा पाजू नका म्हणावं. पहिल्या दोन सेमिस्टरना किती टक्के पडलेत ते खाली लिही, मग 60 चं गणित बसवू.