मुलाच्या नोट्समध्ये तुमचं काय काम?

प्रश्न: माझा मुलगा पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय जीवशास्त्र. नोट्स ठेवायला मी त्याला एका ॲपचं वर्षभराचं सबस्क्रिप्शन घेऊन दिलं. विषय, उपविषय, प्रकरण असे फोल्डर मीच आखून दिले, टॅगची यादीही दिली. खातं दोघांच्याही फोनवर आहे, त्यामुळे रोज रात्री मी नजर टाकतो. निम्मे फोल्डर रिकामेच. उलट ‘इकडचं तिकडचं’ नावाच्या एकाच नोटमध्ये शेकडो सुट्या ओळी साचल्यात. नमुना पाहा : ‘मुंग्यांना जवळची वाट कळते कशी? नकाशा तर कुणाकडेच नाही.’ ही नोट पुसून टाक, असं मी त्याला बजावलंय. त्याला संशोधनात जायचंय. इतका विस्कळीत मुलगा तिथे टिकेल का? कोणतं ॲप, कोणती रचना बसवून देऊ?

उत्तर: सगळ्यात आधी त्या खात्यातून बाहेर पडा. आजच. ॲपचं नंतर बोलू.

तुमचा हेतू चांगला आहे, याबद्दल शंका नाही. पण परिणाम काय होतोय ते बघा. नुकताच सुचलेला विचार बहुतेक वेळा बावळट दिसतो. रात्री कुणीतरी तो वाचणार आहे हे माहीत असलं, की माणूस तो लिहीतच नाही. पुस्तकातली वाक्यं उतरवून काढतो, कारण त्यांत कुणाला खोट काढता येत नाही. तुमच्या फोल्डरांपैकी जे भरलेत, त्यांत व्याख्या आणि आकृत्यांपलीकडे काही असेल असं मला वाटत नाही. आणि एवढ्या पाळतीतही तो मुलगा शेकडो ओळी स्वतःच्या मनातल्या लिहितोय! मला तर त्याच्या चिकाटीचं कौतुक वाटलं. ती नोट त्याने पुसली असेल, तर ॲपच्या ट्रॅशमध्ये पाहायला सांगा. बऱ्याच ॲपमध्ये पुसलेलं काही दिवस तिथे राहतं.

आता तुमचा मूळ समज. प्रत्येक विचाराचा एक योग्य कप्पा असतो आणि तो आधीच ठरवून ठेवता येतो, असं तुम्ही धरून चाललात. पाठ्यपुस्तकाच्या बाबतीत हे खरं आहे, अनुक्रमणिका छापलेलीच असते. विचारांचं तसं नसतं. तुम्ही कचऱ्यात काढलेली ती मुंग्यांचीच ओळ घ्या. मुंग्या चालताना गंधाचा माग सोडतात. जवळच्या वाटेने गेलेल्या लवकर परततात, म्हणून त्या वाटेवरचा गंध आधी दाट होतो आणि मागच्याही तिकडेच वळतात. याच गोष्टीवरून मार्को दोरिगो यांनी १९९२ च्या आपल्या पीएचडी प्रबंधात कमीत कमी अंतराचा मार्ग शोधणारी संगणकीय पद्धत मांडली. तुमच्या रचनेत मुंग्या ‘प्राणिशास्त्र’मध्ये गेल्या असत्या, मार्ग शोधण्याचं गणित ‘संगणक’मध्ये, आणि दोघांची गाठ कधी पडलीच नसती. जर्मन समाजशास्त्रज्ञ निकलास लूमान यांच्याकडे सुमारे ९०,००० कागदी चिठ्ठ्या होत्या. विषयवार गठ्ठे बांधण्यापेक्षा त्यांचा भर क्रमांकांवर होता : प्रत्येक चिठ्ठीला कायमचा क्रमांक, नवी चिठ्ठी ज्या जुन्या चिठ्ठीतल्या विचारातून निघाली तिच्या पाठीमागे, आणि लांबच्या चिठ्ठ्यांकडे बोट दाखवणारे क्रमांक मजकुरातच. आजच्या ॲपमधली लिंक हेच काम एका टिचकीत करते. तुम्ही मात्र फोल्डरांवरच थांबलात.

म्हणजे त्याने काहीच आवरायचं नाही, असंही नाही. शेकडो ओळी एकाच नोटमध्ये राहिल्या तर त्यांना एकमेकींशी जोडता येणार नाही, इथे तुमची तक्रार रास्त आहे. त्याने आठवड्यातून एकदा त्यातल्या चारपाच ओळी उचलाव्यात, प्रत्येकीची वेगळी नोट करावी. एका नोटमध्ये एकच विचार. शीर्षक ‘मुंग्या’ असं नको, पूर्ण वाक्य हवं : ‘नकाशा नसतानाही मुंग्यांना जवळची वाट सापडते.’ वर्षभराने शोधताना असं वाक्य पाहताक्षणी ओळखू येतं, नुसत्या ‘मुंग्या’खाली काय होतं ते उघडून बघावं लागतं. विचार कुठे वाचला, कधी सुचला, ते खाली एका ओळीत. मग जुन्या नोट्समध्ये शोधून निदान एक लिंक द्यायची आणि ती का दिली तेही लिहायचं, कारण नुसती लिंक चार महिन्यांनी मुकी होते. उरलेल्या ओळी तशाच पडून राहू देत. काही कधीच कामाला येणार नाहीत, त्याने बिघडत नाही. फोल्डर दोनतीन पुरेत. टॅगची तुमची यादी रद्द.

ॲप कोणतंही चालेल, मात्र सगळा मजकूर साध्या टेक्स्ट फाइलमध्ये बाहेर काढता यायला हवा. ऑब्सिडियनमध्ये तो मुळातच तसा, स्वतःच्या यंत्रावर राहतो. नोशनमध्ये कंपनीच्या सर्व्हरवर असतो, पण एक्स्पोर्ट करता येतो. यापलीकडे ॲपची तुलना करत बसणं म्हणजे अभ्यास टाळण्याचा सभ्य मार्ग, आणि त्यात पालकही रमतात.

पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेसाठी जुन्या प्रश्नपत्रिका वेळ लावून, नोट्स न उघडता सोडवाव्यात. तिथे लिंका कामाच्या नाहीत.

संशोधनात टिकेल का, हे नोट्सच्या नीटनेटकेपणावरून मला सांगता येणार नाही, तुम्हालाही नाही. त्याने त्या ओळींतला एक प्रश्न निवडावा, त्यावर आधी कुणी काय शोधलंय ते वाचावं, दोन पानं लिहावीत आणि ती घेऊन एखाद्या प्राध्यापकांकडे जावं. महिनाभर त्या प्रश्नाचा कंटाळा आला नाही, तर सुट्टीत त्यांच्या प्रयोगशाळेत काम मागावं. कंटाळा आला, तर दुसरा प्रश्न घ्यावा. शेकडो आहेत त्याच्याकडे.

यापुढे काही विचारायचं असेल, तर त्याला स्वतःला लिहू द्या. पाठवण्याआधी पत्र तुम्हाला दाखवायची गरज नाही.