इंग्रजीतले कोणते शब्द ग्रीक-रोमन पुराणकथांतून आले आहेत?

पुष्कळ आहेत. धान्याची देवी सेरेस, तिच्यावरून सिरियल. अग्निदेव व्हल्कनवरून व्होल्कॅनो. रानात अचानक भीतीची लाट उठवणाऱ्या पॅन देवावरून पॅनिक. ‘मनी’सुद्धा देवळातून आलाय: रोमच्या कॅपिटोलिन टेकडीवर जुनो मोनेटा देवीचं मंदिर होतं आणि तिथेच टांकसाळ होती. त्या मोनेटावरून मनी, आणि टांकसाळीला म्हणतात तो ‘मिंट’ही.

पण मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे माझा जीव ‘टँटलाइज’ या शब्दावर.

टँटलस हा झ्यूसचा मुलगा, देवांच्या पंगतीला बसण्याचा मान मिळालेला राजा. देवांना खरंच सगळं कळतं का, हे बघायला त्याने पोटच्या मुलाला, पेलॉप्सला, शिजवून त्यांच्या पानात वाढलं. (इथे चिलया बाळ आठवतोच. पण श्रियाळ-चांगुणेने काळजावर दगड ठेवून अतिथीचा शब्द राखला. टँटलस देवांची परीक्षा घ्यायला निघाला. मुलं मात्र दोन्हीकडची पुन्हा जिवंत झाली.) शिक्षा अशी की पाताळात तो हनुवटीपर्यंत पाण्यात उभा. प्यायला वाकला की पाणी ओसरतं, डोक्यावरच्या फळाला हात घातला की वारा फांदी उडवून नेतो. हातातोंडाशी आलेला घास जातो, आणि पुन्हा पुन्हा जातच राहतो. म्हणून टँटलाइज म्हणजे आशा दाखवत ठेवायची, पण हाती काही लागू द्यायचं नाही.

१८०२ मध्ये स्वीडनच्या एकेबर्गला एक नवं मूलद्रव्य सापडलं. त्याचं ऑक्साइड ॲसिडमध्ये कितीही बुडवून ठेवा, ते ॲसिड घेईचना. चारी बाजूंनी द्रव आणि हा कोरडाच! त्याने नाव ठेवलं टँटलम. वर्गात ही गोष्ट सांगितली की तो गुणधर्म मुलांना वेगळा पाठ करावा लागत नाही. आज याच धातूचे छोटे कपॅसिटर (विद्युतभार साठवणारे भाग) मोबाइलमध्ये असतात.

पुढे १८४४ मध्ये जर्मनीच्या हाइनरिक रोझेला टँटलमच्या खनिजात त्याच्यासारखंच दुसरं मूलद्रव्य दिसलं. टँटलसची मुलगी नायोबी, म्हणून हे नायोबियम. (इंग्लंडच्या हॅचेटने १८०१ मध्येच ते शोधून कोलंबियम म्हटलं होतं, दोन्ही नावं शंभर वर्षं शेजारी शेजारी चालली.) नायोबीलाही गर्वच नडला. आपल्याला पुष्कळ मुलं आणि लेटो देवीला दोनच, असं ती म्हणाली. त्या दोघांनी, अपोलो आणि आर्टेमिसने, तिची मुलं मारली आणि ती रडता रडता दगड झाली.

रोझेने नाव फार विचारपूर्वक निवडलं असं मला वाटतं. खाणीतून ही दोन्ही मूलद्रव्यं बहुधा एकाच खनिजात येतात, आणि ती इतकी सारखी वागतात की त्यांना नीट वेगळं करायची पद्धत स्वित्झर्लंडच्या मारिन्याक या रसायनशास्त्रज्ञाने बसवली ती १८६६ मध्ये.