रद्दीतली पहिली आवृत्ती

प्रश्न : रद्दीच्या दुकानात अगाथा ख्रिस्तीची पुठ्ठाबांधणीची कादंबरी १५० रुपयांना मिळाली. प्रकाशक ‘कॉलिन्स क्राइम क्लब’, साल १९५३. पहिली आवृत्ती असेल का? वरचं वेष्टन फाटलंय, काढून टाकू का? — एक वाचक, परभणी

उत्तर : अहो, वेष्टनाला हात लावू नका! संग्राहक बरेचदा पुस्तकापेक्षा त्या कागदालाच जास्त पैसे मोजतात. आता शीर्षकामागचं पान उघडा. तिथं पहिल्या प्रकाशनाचं साल एकटंच असेल, खाली पुनर्मुद्रणाची ओळ नसेल, तर आशेला जागा आहे. मग वेष्टनाची आतली घडी बघा. शिलिंगमध्ये किंमत छापलेली असली तर उत्तम. कोपरा कापलेला असला तर कुणीतरी भेट देताना किंमत लपवली असणार. कोपरा शाबूत आणि किंमतच नाही, तर बहुधा बुक क्लबनं सभासदांसाठी काढलेली स्वस्त प्रत. वाचनालयाचा शिक्का असला की भाव पडतो. मला मात्र असे शिक्के आवडतात.

आणि सेलोटेप अजिबात नको. लातूरला गंजगोलाईत घेतलेल्या एका पुस्तकाला मी हौसेनं लावली होती. आपल्याकडचे दोन उन्हाळे झाले, टेप गळून पडली आणि मागं तपकिरी डाग राहिला. पारदर्शक पॉलिएस्टरचं कव्हर घाला, न चिकटवता.