पोलिसातली पाच वर्षं पेन्शनला धरली जातील का?

प्रश्न : मी जून २००५ मध्ये जिल्हा पोलीस दलात शिपाई म्हणून भरती झालो. २००९ साली कारागृह विभागाची जाहिरात आली, तेव्हा कार्यालयाची परवानगी घेऊन अर्ज केला. निवड झाली आणि मे २०१० मध्ये कारागृह शिपाई म्हणून रुजू झालो. मधे नऊ दिवस गेले. इथे मला नव्या पेन्शन योजनेत घातलं. आता गुडघ्यांमुळे रात्रपाळी झेपत नाही, स्वेच्छानिवृत्ती घ्यायची आहे. आस्थापनेतले लिपिक म्हणतात, "पोलिसातून तुम्ही राजीनामा दिला, ती नोकरी बुडाली. जुनी पेन्शन नाही, वीस वर्षंही भरत नाहीत. सुटायचंच असेल तर राजीनामा द्या." २०१६ मध्ये चार महिने निलंबित होतो, नंतर परत घेतलं. मी काय करावं? — एक वाचक, विदर्भ

उत्तर : पहिली गोष्ट, राजीनामा देऊ नका. लिपिकसाहेबांनी सल्ला फुकट दिला असला तरी तो तुम्हाला फार महागात पडेल. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ मधल्या नियम ४६ प्रमाणे राजीनाम्याने मागची सगळी सेवा जप्त होते. वीस वर्षं नोकरी झाली होती, म्हणून माझा राजीनामा ही स्वेच्छानिवृत्तीच समजा, असं नंतर म्हणता येत नाही. केंद्राच्या अशाच नियमावर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये बीएसईएस यमुना पॉवर या दिल्लीतल्या वीज कंपनीच्या प्रकरणात हे स्पष्ट केलं आहे.

पण त्याच नियम ४६ चा दुसरा पोटनियम तुमच्या बाजूने आहे, आणि तो लिपिकसाहेबांनी वाचलेला दिसत नाही. योग्य परवानगी घेऊन, शासनाच्याच दुसऱ्या पदावर जाण्यासाठी राजीनामा दिला असेल तर मागची सेवा जप्त होत नाही. बोलीत याला 'तांत्रिक राजीनामा' म्हणतात. दोन नेमणुकांमधला खंड पदग्रहण अवधीपेक्षा, म्हणजे नव्या जागी रुजू व्हायला मिळणाऱ्या दिवसांपेक्षा, जास्त नसेल तर तो शिल्लक रजेतून भरून काढता येतो किंवा रीतसर क्षमापित, म्हणजे माफ, करून घेता येतो. नऊ दिवसांसाठी झोप उडवून घेऊ नका.

तुमचं सगळं प्रकरण या पाच वर्षांवर उभं आहे. ती धरली तर तुमची शासकीय सेवा १ नोव्हेंबर २००५ च्या, म्हणजे नवी योजना लागू होण्याच्या, आधी सुरू झाली असं ठरतं, आणि जुनी पेन्शन मागण्याचा हक्क उभा राहतो. स्वेच्छानिवृत्तीला लागणारी वीस वर्षंही त्यातूनच भरतात. ती धरली नाहीत तर दोन्ही दारं बंद, कारण नुसत्या कारागृहातल्या नोकरीची वीस वर्षं २०३० मध्ये होतील. रकमेत सांगायचं तर तुमचं मूळ वेतन ३७,२०० धरलं, तर वीस वर्षांच्या अर्हताकारी (पेन्शनसाठी धरल्या जाणाऱ्या) सेवेवर निम्मं, म्हणजे १८,६०० अधिक महागाई वाढ.

तुमचे सहकारी २ फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयाचा दाखला देऊन "सहा महिन्यांची मुदत संपली, आता काही होत नाही" असं सांगतील. तो निर्णय वेगळ्या लोकांसाठी आहे. पदाची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ पूर्वीची आणि नेमणूक मात्र नंतरची, अशांना त्यात जुन्या पेन्शनचा एकदाच विकल्प दिला होता. तुमची कारागृहाची जाहिरात २००९ ची, त्यामुळे तुम्ही त्यात बसतच नव्हता. तुमची पहिली नेमणूकच जून २००५ ची आहे. अर्ज लिहिताना ही दोन कारणं एकमेकांत मिसळू नका, नाहीतर मंत्रालयातून 'मुदतबाह्य' असा शेरा मारून कागद परत येईल.

आता पुरावा. सेवापुस्तक पाहायला मागा, तो तुमचा हक्क आहे. २०१० च्या पानावर नुसतं "राजीनामा मंजूर, कार्यमुक्त" एवढंच असेल तर हा सगळा घोळ तिथून सुरू झाला. मग रजेचा हिशेब उघडा. पोलिसातली शिल्लक अर्जित रजा कारागृहाच्या खात्यात पुढे ओढली आहे का? २०१० मध्ये वेतननिश्चिती करताना आधीचं वेतन संरक्षित केलं होतं का? यातलं एक जरी 'हो' असलं, तरी तुमची आधीची सेवा विभागाने स्वतःच मान्य केली होती असा युक्तिवाद करता येतो. माझ्या अनुभवात असे दावे मोठमोठ्या निवाड्यांपेक्षा या रजेच्या पानावरच जास्त जिंकले जातात.

ना-हरकत प्रमाणपत्राची प्रत तुमच्याकडे नाही असं दिसतं. पोलीस अधीक्षक कार्यालयाच्या आस्थापना शाखेत माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, दहा रुपये शुल्क, उत्तराची मुदत तीस दिवस. मागायचं ते नेमकं : २००९ मधला तुमचा अर्ज पुढे पाठवल्याची जावक नोंद, ना-हरकत, कार्यमुक्ती आदेश आणि अंतिम वेतन प्रमाणपत्र. 'माझी सर्व कागदपत्रं द्या' असं लिहिलंत तर 'माहिती संदिग्ध' म्हणून हात वर करतील.

कागद हातात आले की कारागृह अधीक्षकांमार्फत, कारागृह व सुधारसेवा विभागाच्या पुण्याच्या मुख्यालयाकडे निवेदन द्या : पोलीस सेवा जोडावी, खंड क्षमापित करावा, १९८२ चे नियम लागू करावेत. पोच घ्याच. नकार आला तर तिथून एक वर्षात 'मॅट'च्या (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या) नागपूर खंडपीठाकडे जाता येतं. काहीच उत्तर आलं नाही तर सहा महिने थांबायचं, आणि त्यापुढे एक वर्ष मिळतं. नवीन योजनेत कापलेल्या पैशांचं काय, हा प्रश्न त्यानंतरचा. गुडघ्यांसाठी तोवर जिल्हा शल्यचिकित्सकांचं प्रमाणपत्र जोडून दिवसपाळी किंवा बैठं काम लेखी मागा.

स्वेच्छानिवृत्तीची नोटीस तीन महिन्यांची असते. नियम ६६ प्रमाणे नियुक्ती प्राधिकाऱ्याने मुदतीत नकार कळवला नाही तर ती आपोआप अमलात येते, आणि दिलेली नोटीस मागे घ्यायलाही त्यांची मंजुरी लागते. म्हणून सेवा जोडल्याचा लेखी आदेश येण्याआधी ती देणं धोक्याचं आहे. शिवाय २०१६ चे ते चार महिने आहेतच. परत घेताना निलंबनाचा काळ कर्तव्यकाळ धरल्याचा आदेश झाला असेल तर तुमची वीस वर्षं जून २०२५ मध्ये पूर्ण झाली. तसा आदेश नसेल, तर चार महिने पुढे सरकतात. विनावेतन रजा वैद्यकीय प्रमाणपत्राशिवाय घेतली असेल तर तीही बहुधा वजा होईल. निलंबन संपवणाऱ्या त्या आदेशाचं शेवटचं पान आधी शोधा. नोटिशीवर कुठली तारीख टाकायची, ते पाहिल्यावरच सांगता येईल.